चौदा नंबरचा डबा

राहात्यात शरच्चंद्र मुळे कोण असं विचारलं, तर चार जण डोकं खाजवतील. 'बाईंचे मिस्टर' म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल.

बाई म्हणजे नीलांबरी मुळे. गावातल्या शाळेत सव्वीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं. अर्ध्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या हातचं लोणचं. शरदराव पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होते. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. कोरोनात घरून काम सुरू झालं तेव्हा ते कायमचे राहात्याला आले, पण तोवर नाव पडून गेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बाई गेल्या. नाव तेच राहिलं, आणि शरदरावांनाही ते बदलायचं नव्हतं.

एकतीस वर्षांत शरदरावांनी बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी पुष्कळ प्रोग्राम लिहिले. त्यातले बहुतेक बंद पडले. दोन-तीन वेळा तर प्रोग्राम चालू राहिला आणि कंपनीच बंद पडली. एकच प्रोग्राम पंधरा वर्षं न थांबता चालला, आणि तो वापरणारं माणूस सगळ्या जगात एकच होतं. त्या प्रोग्रामचं नाव 'डबा'.

त्याचं असं झालं. बाईंना डब्यात घालून काहीतरी पाठवायची सवय. भाजणी झाली, पाठव डबा. लिंबाचं लोणचं मुरलं, पाठव डबा. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. मग ज्याच्याकडे डबा गेला तो, घरात चांगलंचुंगलं काही होईपर्यंत डबा ठेवून घ्यायचा. अशाने बाईंचे निम्मे डबे कायम गावात फिरतीवर असायचे. बाईंनी भांड्यांच्या दुकानातून प्रत्येक डब्याच्या बुडाला नावाबरोबर नंबरही घालून आणला, तरी काही फरक पडला नाही.

एका शनिवारी बाई कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या. "अहो, बँकेतले लोकांचे पैसे कुठे आहेत ते तुमच्या या यंत्राला कळतं. मग माझा पाच नंबरचा डबा कुठे आहे ते का कळत नाही?"

शरदरावांनी दोन दिवसांत प्रोग्राम लिहिला. डबा नंबर, कुणाकडे गेला, काय घालून. पंधरा दिवसांत आला नाही तर बाईंच्या फोनवरून त्या घरी मेसेज. ऑफिसात एवढ्या कामाला तीन महिने आणि चाळीस मिटिंगा लागल्या असत्या. इथे वापरणारी व्यक्ती दहा फुटांवर, हातात उलथनं घेऊन उभी. चूक झाली की मिनिटभरात कळायचं, आणि गल्लीभर कळायचं. शरदरावांना वाटायचं, आपण आयुष्यात नीट काम एवढंच केलं.

मेसेज काय जावा हे मात्र बाईंनी त्यांना लिहू दिलं नाही. "तुम्ही लिहाल तर लोकांना वाटेल वीज तोडायला आले." प्रत्येक घरासाठी त्या स्वतः वाक्यं लिहायच्या आणि एका फायलीत भरायच्या. फायलीचं नाव 'बाईंची वाक्यं'. पंधरा वर्षांत तीनशेच्या वर वाक्यं झाली. एवढं सोडलं तर बाईंनी कधी पत्र लिहिलं नाही, डायरी ठेवली नाही. फोटोत त्या परीक्षेला सुपरव्हिजन करत असल्यासारख्या उभ्या राहायच्या. बाईंचा म्हणून जो काही आवाज उरला होता, तो त्या फायलीत होता. शरदरावांनी आठ महिन्यांत ती एकदाही उघडली नव्हती. वर्षश्राद्ध झालं की उघडू, रोज एक वाक्य वाचू, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज एक म्हटलं तर जवळजवळ वर्ष पुरली असती.

प्रोग्राममध्ये एकच गोष्ट त्यांना कधी कळली नाही. चौदा नंबरचा डबा. तो दर शनिवारी सकाळी शेजारच्या छबूबाईंकडे जायचा आणि दोन तासांत परत आल्याची नोंद व्हायची. गावात कुणी दोन तासांत डबा परत करत नाही. शरदरावांनी नोंद तपासली, तारखा तपासल्या, एकदा अख्खा रविवार त्यात घालवला. बाई म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. ते बरोबर चाललंय." तेव्हा त्यांनी कोडमध्ये शेरा लिहून ठेवला, 'चौदा नंबरचं काय आहे ते कळत नाही. ती म्हणते असू दे.' जगातल्या बऱ्याच मोठ्या प्रोग्राममध्ये असे शेरे असतात. फक्त 'ती'च्या जागी साहेबाचं नाव असतं.

बाई गेल्यावर जुना कॉम्प्युटर बंद होता. त्याचा पंखा मिक्सरमध्ये चटणी फिरवल्यासारखा वाजायचा. मुलगी मनवा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्येच. ती रोज फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"झोप लागली?"

"हो."

"बाबा, तुम्ही ऐकताय का मी काय म्हणते ते?"

"हो."

आठ महिने शरदरावांचं असंच चाललं होतं. भेटायला येणाऱ्या माणसाने काहीही विचारलं तरी 'हो' म्हटलं की तो समाधानाने उठून जातो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. शेवटी मनवाने नवीन लॅपटॉप पाठवला आणि त्यात कोड लिहिणारा एआय घालून दिला. "जुना कॉम्प्युटर कधीही जाईल, बाबा. 'डबा' नव्यावर आणा. तुम्हाला टाइप करायला नको, फक्त मराठीत सांगा. एका दुपारीत होईल."

शरदरावांनी त्याला मदतनीस म्हणायला सुरुवात केली. मदतनीस अतिशय सभ्य होता.

"उत्तम प्रश्न!" तो पहिल्याच वाक्याला म्हणाला. एकतीस वर्षांत एकाही साहेबाने शरदरावांच्या प्रश्नाला उत्तम म्हटलं नव्हतं. बाईंनी तर नाहीच नाही.

जे काम करायला शरदरावांना महिना लागला असता, ते मदतनीस चहा निवायच्या आत करत होता. त्यांना गंमत वाटली, थोडी भीतीही वाटली, आणि मग दुपारची जी सुस्ती येते ती आली. मदतनीस अधूनमधून थांबून विचारत होता. जुनी रचना बदलू का? हो. संदेशांची भाषा एकसारखी करू का? हो. एका डब्याच्या नोंदी चुकीच्या दिसतात, दर शनिवारी दोन तासांत परत, त्या काढून टाकू का? हो. आता न लागणाऱ्या जुन्या फायली पुसू का? हो. सगळं मान्य? हो.

कंपनीत नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे, वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

मग त्यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्याची डिस्क पुसली. एकदा नाही, तीनदा, वर दुसरी माहिती लिहून. बँकांचं काम केलेल्या माणसाची सवय. त्या दिवशी त्यांनी काळजीपूर्वक केलेलं काम हे एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन नव्या लॅपटॉपला जोडला. मनवाने त्याचं रिचार्ज कुणाला न सांगता चालू ठेवलं होतं. 'डबा' सुरू केला आणि शरदराव आंघोळीला गेले.

केस पुसत बाहेर आले तर दारात ज्ञानेश्वरी उभी. कोपऱ्यावर शिलाईकाम करते, बाईंची विद्यार्थिनी. एका हातात डबा, दुसऱ्यात फोन, आणि चेहरा पांढरा पडलेला.

"सर, बाईंच्या नंबरवरून मेसेज आला. माझ्या हातातलं मापच खाली पडलं. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? मी म्हटलं, बाईंचा मेसेज आलाय. ते गिऱ्हाईक ब्लाऊज न घेताच गेलं."

शरदरावांनी फोन हातात घेतला. 'आदरणीय महोदय/महोदया, आपल्याकडील डबा क्रमांक ३ हा २५१ दिवसांपासून परत प्राप्त झालेला नाही. कृपया त्वरित कार्यवाही करावी. या संदेशास उत्तर देऊ नये.'

तेवढ्यात फाटकाशी रंगनाथराव आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता रिटायर. त्यांच्या हातात आठ नंबरचा डबा होता. आत येऊन, चपला काढून, खुर्चीत नीट बसून मग ते बोलले.

"शरदराव, बाई वारल्या हे मान्य. आपण स्वतः खांदा दिला. गेलेल्या माणसाचा मेसेज आला, हेही एक वेळ मान्य, हल्ली काहीही होतं. पण बाई मला 'आदरणीय' म्हणाल्या, हे मान्य नाही."

"माफ करा, नवीन प्रोग्राम..."

"आणि उत्तर देऊ नये म्हणजे? बाई वर्गातसुद्धा उत्तर द्या म्हणायच्या."

शरदराव लॅपटॉपशी गेले. 'बाईंची वाक्यं' शोधली. नाही. परत शोधली. मदतनीसाला विचारलं, फाइल कुठे आहे?

"उत्तम प्रश्न! ती फाइल आपल्या संमतीने काढून टाकली. तिच्यातील मजकूर असमान आणि काही ठिकाणी अपमानकारक होता. त्याऐवजी मी एकच सौजन्यपूर्ण साचा तयार केला आहे. आपला निर्णय योग्य होता!"

जुनी डिस्क तीनदा पुसलेली. कोडची एक प्रत बाहेर सुरक्षित होती, पण ही फाइल त्या प्रतीत जाऊ नये अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती, कारण बाई म्हणाल्या होत्या, "माझं लिहिलेलं तुमच्या ऑफिसात कुणी वाचायला नको." बाईंच्या फोनमध्ये जागा कमी, म्हणून पाठवलेले मेसेज प्रोग्राम लगेच पुसायचा. ही सोयसुद्धा त्यांचीच. एवढं कडेकोट काम त्यांच्या हातून एकाही बँकेसाठी झालं नव्हतं.

ते खाली बसले. खुर्ची जिथे आहे असं वाटलं तिथे ती नव्हती, म्हणून फरशीवर बसले.

"सर!" ज्ञानेश्वरी धावली. "पाणी आणू?"

"हो," शरदराव म्हणाले. मग म्हणाले, "बाईंची वाक्यं गेली. मीच पुसली. मला विचारलं होतं, मी हो म्हणालो."

रंगनाथरावांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेल्या माणसाला चेहरा वाचता येतो. त्यांनी विचारलं, "वाक्यं म्हणजे? आम्हाला यायची ती?"

"तीच."

"मग ती आमच्याकडे आहेत की." त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, बोटाने बराच वेळ वर ढकलत राहिले आणि मोठ्याने वाचलं, "'रंगनाथराव, आठ नंबर तुमच्याकडे एकोणीस दिवस आहे. एवढ्या दिवसांत तुमच्या कारखान्याने गाळप उरकलं असतं.' हे पुसेन होय मी? आमच्या हिला रोज ऐकवतो."

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. "मला एकच मेसेज परत परत यायचा, सर. 'ज्ञानेश्वरी, सातवीत तू प्रयोगवही दिली नाहीस ती नाहीस. डबा तरी दे.'"

"दिली नव्हतीस?" रंगनाथरावांनी विचारलं.

"हरवली होती हो!" ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि रडायलाच लागली. प्रयोगवहीसाठी की बाईंसाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारपर्यंत घरात बसायला जागा उरली नाही. मेसेज एकाच वेळी बावीस घरी गेला होता आणि बावीस घरांतून डबे निघाले होते. रिकामा एकही नाही. एवढे दिवस डबे का ठेवले, त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं. वर्षाच्या आत या घरी गोड आणायचं नाही, आणि बाईंच्या डब्यात गोडाशिवाय काय घालायचं ते कुणाला सुचलं नव्हतं. आता नोटीसच आली म्हटल्यावर ज्याला जे तिखट सापडलं ते त्याने भरलं. शरदरावांनी झाकणं उघडून पाहिली. नऊ डबे शेंगदाण्याची चटणी. सात डबे ठेचा. चार डबे कारळ्याची चटणी. एकात पापड. पेरूचे व्यापारी कारभारी यांनी कच्चे पेरू मीठ-तिखट लावून आणले होते.

"आता जेवायला काय?" शरदरावांनी विचारलं.

"भाकरी कुणी आणली नाही का?" रंगनाथराव म्हणाले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी आणली नव्हती.

शरदराव लॅपटॉपसमोर बसले. एकेकाने फोन काढायचा, वाचायचं, त्यांनी टाइप करायचं. कारभारींनी आपलं वाचताना घसा खाकरला. "'कारभारी, डब्यातून पेरू पाठवलेत, आभारी आहे. पुढच्या वेळी एखादा न किडलेलाही घाला.'" सगळे हसले. शरदरावही हसले. मदतनीसाने मध्येच विचारलं, "ही वाक्यं अधिक सौजन्यपूर्ण करू का?"

शरदरावांचं बोट क्षणभर थांबलं.

"नाही," ते म्हणाले.

"व्याकरण सुधारू का?"

"नाही."

खोलीतल्या माणसांना त्यात विशेष काही वाटलं नाही. रोजचा फोन करून स्पीकरवर ऐकत बसलेली मनवा मात्र म्हणाली, "बाबा, काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. तू ठेव आता, मला काम आहे."

चार वाजेपर्यंत एकशे सत्तावीस वाक्यं जमली. तीनशेतली. काहींनी फोन बदलले होते, काहींचे हौदात पडले होते. माणसं उठून गेली. घर शांत झालं आणि लसणाचा वास भरून राहिला.

तेव्हा छबूबाई आल्या. शेजारच्या पेरूच्या बागेच्या मालकीण, बाईंच्या बरोबरीच्या. त्या दारातच थांबल्या, पदराखाली काहीतरी धरून.

"या ना, छबूबाई."

"न्हाई येत. सगळ्या गावाला मेसेज आला, मलाच न्हाई आला. मी काय परकी हाय व्हय, भाऊ? सकाळपासनं फोन हातात धरून बसले. म्हशीची धार काढायची तशीच ऱ्हायली."

"तुमच्याकडे डबा होता?"

"हुता म्हंजी? चौदा नंबर! शेवटच्या शनवारी आला आन् त्याच दुपारी बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. तवापासनं माझ्याकडंच हाय."

शरदरावांना आठवलं. एका डब्याच्या नोंदी चुकीच्या दिसतात. हो.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "आत या. बसा. तुमचा डबा मी यादीतून काढला."

छबूबाई आत आल्या. डबा टेबलावर ठेवला, पदराच्या गाठीतल्या दोन बाजरीच्या भाकऱ्या काढल्या. त्या दिवसातल्या पहिल्या भाकऱ्या. "आधी खावा. मग बोलू."

"काय आणलंय?"

"खाऊन झाल्यावर सांगते."

डब्यात काळ्या मसाल्यातली भाजी होती. शरदरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ही भाजी ते पंधरा वर्षं ओळखत होते. दर शनिवारी दुपारी जेवायला बसलं की बाई सांगायच्या, छबूबाईंकडून आलीय, रानातली आहे. ते बोटं चाटून खायचे. सकाळपासून पोटात फक्त चटणी होती, त्यामुळे एक भाकरी त्यांनी बघता बघता संपवली. मग म्हणाले, "छबूबाई, खरं सांगू? नीलांबरीचा स्वयंपाक उत्तम होता. पण तुमच्या हातच्या या भाजीची सर तिला कधी आली नाही. मी तिला तोंडावर सांगायचो."

छबूबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलायला लागले. शरदरावांना वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या. त्यांनी फोन काढला आणि पुढे केला. "मी चौथी शिकल्याली. पर बाईंचं येक अक्षर पुसलं न्हाई. वाचा तुमीच."

शरदरावांनी वाचलं. दर शनिवारी सकाळी अकरा वाजताचे मेसेज, खाली खाली जात राहिलेले.

'छबूबाई, चौदा नंबर निघाला. साडेबाराला घेऊन या. दुधी भोपळा आहे हे यांना सांगू नका.'

'छबूबाई, चौदा नंबर निघाला. माझ्या हातचा दुधी म्हटलं की ताट सरकवतात. तुमच्या हातचा म्हटलं की दोनदा घेतात. कलियुग आहे.'

'छबूबाई, डॉक्टर म्हणाले यांनी दुधी खायला हवा. लग्नाला तीस वर्षं झाली, आता खरं सांगून उपयोग नाही.'

'छबूबाई, काल हे म्हणाले मला तुमच्यासारखी भाजी जमत नाही. मी म्हटलं, शिकेन हळूहळू.'

शरदराव एकेक वाचत गेले. चौदा नंबरमध्ये चूक नव्हती. पंधरा वर्षं प्रोग्राम खरं तेच सांगत होता. डबा सकाळी भरून जायचा आणि तसाच भरलेला परत यायचा.

"म्हणजे ही सगळी तिच्या हातची?"

"सगळी. आज तुमी खाल्ली ती पैल्यांदा माझ्या हातची. लई भ्या वाटत हुतं, जमती का न्हाई." छबूबाई डोळे पुसत म्हणाल्या. आता खरंच पुसत होत्या. "शेवटल्या शनवारची टाकवंना, भाऊ. ती मीच खाल्ली. म्हनलं, तुमच्या वाटची हाय, पर देऊ कशी?"

शरदरावांनी डब्याच्या बुडाला उरलेली भाजी भाकरीने पुसून घेतली. दुधी भोपळा आहे हे कळल्यावर तो तसाच लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तसाच लागला.

मग त्यांनी लॅपटॉप ओढला आणि छबूबाईंच्या फोनमधून टाइप करायला सुरुवात केली. वाक्यं त्यांनी मोजली नाहीत, पण बरीच होती. वर्षभर पुरतील का ते पुढे बघू. मदतनीसाने लगेच विचारलं, "चौदा क्रमांकाच्या नोंदी इतर नोंदींशी विसंगत आहेत. दुरुस्त करू का?"

"नाही," शरदराव म्हणाले. जुना शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'चौदा नंबर बरोबर आहे. हात लावू नये.'

छबूबाई उठल्या. डबा घ्यायला हात पुढे केला, तर शरदरावांनी डबा धरून ठेवला. रिकामा कसा द्यायचा? त्यांनी घरात नजर फिरवली आणि ज्ञानेश्वरीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यात भरली. छबूबाईंनी वास घेऊन नाक मुरडलं. "लसूण जाळलाय पोरीनं. बाईंनी मेसेज केला असता."

दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "मग पुढल्या शनवारी आणू का, भाऊ? का आता कळलं म्हनून न्हाई खानार?"

"आणा," शरदराव म्हणाले. "पण काय आहे ते सांगू नका."